गॅसवर करायची पेकन प्रालीन : गोळीबंद पाक, घोटणे आणि मुंबईची दमट हवा

पेकन प्रालीन ही अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील, विशेषतः न्यू ऑर्लिन्स शहरातील मिठाई आहे. साखर, क्रीम आणि बटर एकत्र आटवून त्याचा गोळीबंद पाक करायचा, त्यात भाजलेले पेकन घालून तो घोटायचा आणि घट्ट होऊ लागताच चमच्याचमच्याने कागदावर सोडायचा, एवढीच तिची कृती आहे. चांगली जमलेली प्रालीन वरून मंद, धुरकट रंगाची दिसते, बोटांनी सहज मोडते आणि जिभेवर ठेवल्यावर बारीक रव्याने विरघळत जाते. ती चिकीसारखी कडक नसते आणि टॉफीसारखी दातांना चिकटतही नाही. ज्या घरात नारळाच्या वड्या होतात त्या घराला या मिठाईचे मर्म ठाऊकच असते, कारण दोन्हींचा जीव पाकात आणि घोटण्यात असतो. नवख्या माणसाला अवघड जातात ती शेवटची तीन-चार मिनिटे, म्हणून या लेखात त्यांवर सर्वांत जास्त लिहिले आहे.

प्रालीन मूळची फ्रान्सची असून सतराव्या शतकातील मार्शल द्यु प्लेसी-प्रालँ यांच्या नावावरून तिला हे नाव मिळाले, असे सांगितले जाते. ती मूळ प्रालीन म्हणजे साखरेत घोळवलेले अख्खे बदाम होते. फ्रेंच वसाहतकऱ्यांबरोबर हा प्रकार लुइझियानात आला, तेव्हा बदामाची जागा तिथल्या नदीकाठी मुबलक होणाऱ्या पेकनने घेतली, पाकात दूध-क्रीम आले आणि मिठाई मऊ झाली. एकोणिसाव्या शतकात न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर ती विकणाऱ्या प्रामुख्याने कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या आणि तिचे आजचे रूप त्यांच्याच हातून घडले. आपल्याकडच्या बेकऱ्यांत केकवर भुरभुरलेला जो खमंग, काचेसारखा चुरा ‘प्रालीन’ म्हणून मिळतो, तो वेगळा पदार्थ आहे. तिथे साखर जाळून कॅरॅमल करतात, इथे ती जळू द्यायची नसते.

पेकन निवडताना

पेकन हा अक्रोडाच्याच कुळातला, पण चवीने अधिक गोड आणि लोण्यासारखा मऊ दाणा आहे. त्याचे झाड मूळचे मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले, टेक्सासचे आणि उत्तर मेक्सिकोचे आहे. जंगली पेकनचे टरफल जाड असते. लुइझियानातील ओक ॲली या मळ्यावर गुलामगिरीत राबणाऱ्या आंत्वान नावाच्या माळ्याने १८४० च्या दशकात पातळ टरफलाच्या झाडाची यशस्वी कलमे बांधली आणि त्याच वाणाचे पेकन पुढे १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मांडले गेले. आज आपल्याला सोललेल्या पेकनच्या अख्ख्या, न तुटलेल्या फोडी मिळतात, त्यांमागे या माणसाचे हात आहेत आणि त्याचे पूर्ण नावही नोंदलेले नाही, हे पेकन हातात घेताना आठवावे असे मला वाटते.

भारतात पेकनवर पूर्वी १०० टक्के आयात शुल्क होते, ते २०२३ मध्ये ३० टक्क्यांवर आल्यापासून हा दाणा मुंबईत पूर्वीइतका दुर्मीळ राहिलेला नाही. क्रॉफर्ड मार्केट आणि मशीद बंदर परिसरातील सुक्यामेव्याच्या मोठ्या दुकानांत विचारून पाहावे किंवा बंद पाकिटातले घ्यावे. सुटे घेत असाल तर एक फोड मोडून पाहावी. आतला भाग हस्तिदंती असावा, पिवळट-तपकिरी नसावा, आणि चावल्यावर घशाशी खवट चव येऊ नये. पेकनमध्ये सुमारे ७० टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे उकाड्यात तो लवकर खवट होतो आणि एक खवट मूठ सगळ्या घाण्याची चव बिघडवते.

पेकन मिळाले नाहीत तर काश्मिरी अक्रोड चालतील, मात्र त्यांच्या सालीचा तुरटपणा क्रीमच्या पाकात ठळकपणे जाणवतो. अक्रोड भाजून गरम असतानाच स्वच्छ पंच्यात चोळले की बरीचशी साल निघून जाते. काजूने मिठाई जमते, पण ती फार गोडमिट्ट लागते. पेकनच्या सालीत जो किंचित कडवटपणा असतो, तोच एवढ्या साखरेला आवर घालतो.

साहित्य आणि त्यामागची कारणे

सोळा ते अठरा प्रालीनसाठी २०० ग्रॅम पांढरी साखर, १०० ग्रॅम ब्राउन शुगर, १०० मिलिलिटर फ्रेश क्रीम, ६० मिलिलिटर गाईचे किंवा टोन्ड दूध, ४० ग्रॅम बिनमिठाचे बटर, दोन चिमटी खाण्याचा सोडा, पाव छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा व्हॅनिला इसेन्स आणि १२० ग्रॅम पेकन लागतात. हे सगळे काट्यावर मोजावे, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी असते आणि पाकाच्या कामात तो फरक लगेच दिसतो. पहिल्याच वेळी प्रमाण दुप्पट करू नये. घाणा जितका मोठा, तितका तो चमच्याने सोडून होण्याआधी पातेल्यातच बसण्याचा धोका जास्त.

आपल्याकडे ब्राउन शुगर म्हणून बहुधा डेमेरारा पद्धतीची, जाड दाण्याची साखर मिळते. ती सावकाश विरघळते आणि न विरघळलेला एक दाणाही पुढे त्रास देतो, म्हणून ती आधी मिक्सरमधून बारीक करून घ्यावी. ब्राउन शुगरऐवजी गूळ घालण्याचा मोह प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात होणारच. तो आवरावा. गुळाच्या आंबटपणामुळे तापलेले दूध फाटू शकते. शिवाय गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या साखरा बऱ्याच असतात. त्या मुख्य साखरेला रवे धरू देत नाहीत आणि प्रालीन चिकट, ओलसर राहते. सोडा घालण्याचे कारणही याच्याशी जोडलेले आहे. ब्राउन शुगरमध्ये थोडा आंबटपणा असतो, तो सोड्याने मारला जातो आणि पाकाला रंगही छान खुलतो.

क्रीम खोक्यात मिळणारे, २५ टक्के स्निग्धांशाचे घ्यावे. घरची साय घेऊ नये, कारण तिचे तुकडे तळाशी बसून करपतात. मिठाचे बटर असेल तर वेगळे मीठ घालू नये. साजूक तुपाचा वास एरवी कितीही प्रिय असला तरी इथे तो पेकनच्या वासावर मात करतो, तेव्हा तूप वड्यांसाठीच राखून ठेवावे.

भांडे आणि मांडामांड

तीन लिटरचे, जाड बुडाचे, आतून फिकट रंगाचे स्टीलचे पातेले घ्यावे. साहित्य पाहता ते फार मोठे वाटेल, पण सोड्यामुळे पाक फसफसून तिप्पट वर येतो. नॉनस्टिकच्या काळ्या तळात पाकाचा रंग कळत नाही. ढवळायला लांब दांड्याचा लाकडी चमचा हवा. स्टीलचा चमचा तापतो आणि हात भाजतो.

पाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम. तो वापरण्यापूर्वी उकळत्या पाण्यात धरून पाहावा. मुंबई समुद्रसपाटीला असल्याने इथे काटा १०० अंश सेल्सिअसवर यायला हवा. तो ९८ दाखवत असेल तर पुढचे सगळे आकडे २ अंशांनी कमी धरावेत. पुण्यात मात्र पाणी मुळातच सुमारे ९८ अंशांना उकळते, त्यामुळे तिथे करणाऱ्यांनी थर्मामीटर बरोबर असतानाही पाक २ अंश आधीच उतरवावा.

शेगडी पेटवण्यापूर्वी ओट्यावर किंवा पालथ्या परातीवर बटर पेपर अंथरून ठेवावा, सोडायला दोन चमचे काढून ठेवावेत, एका वाटीत थंडगार पाणी आणि दुसऱ्या वाटीत थोडे गरम पाणी ठेवावे, व्हॅनिलाची बाटली उघडून ठेवावी. पाक उतरवल्यावर यांतली एकही गोष्ट शोधायला वेळ मिळत नाही.

शिजवलेला पाक उकळत्या पाण्याहून गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो, म्हणून त्याचा भाजलेला डाग पाण्याच्या डागापेक्षा खोल जातो. मुलांना ओट्यापासून दूर ठेवावे, सुती कपडे घालावेत, बोटांतल्या अंगठ्या काढून ठेवाव्यात. भाजलेच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे हात धरावा. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये. फोड मोठा असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

कृती

पहिले काम पेकन भाजण्याचे. जाड तव्यावर किंवा कढईत, अगदी मंद आचेवर, सतत हलवत आठ-दहा मिनिटे ते भाजावेत. रंग फारसा बदलत नाही, पण खमंग वास सुटतो आणि दाणा मोडल्यावर त्याचा कुरकुरीत आवाज येतो, तिथे थांबावे. निम्म्या फोडी अख्ख्या ठेवाव्यात, निम्म्या हाताने जाडसर मोडाव्यात. हे पेकन कोमट राहतील अशा बेताने झाकून ठेवावेत, कारण गार दाणे गरम पाकात पडले की पाक त्यांच्याभोवती एकदम गोठतो.

मग पातेल्यात दोन्ही साखरा, क्रीम, दूध, बटर, मीठ आणि सोडा घालून आच मंद ठेवावी आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंत सावकाश ढवळावे. या टप्प्यावर घाई करू नये. मिश्रणाला उकळी फुटण्याआधी साखर विरघळली पाहिजे. चमच्याच्या पाठीवर थोडे मिश्रण घेऊन, निवल्यावर दोन बोटांत चोळून पाहावे. कचकच लागली नाही म्हणजे झाले. पातेल्याच्या कडांना साखरेचे कण चिकटलेले असतात, ते ओल्या ब्रशने खाली उतरवावेत. हे कण म्हणजे विरजणच असते. पुढे त्यांतला एखादा पाकात पडला की त्याच्याभोवती भराभर जाड रवे जमतात आणि प्रालीन खडबडीत होते.

आता आच मध्यम करावी. मिश्रण फसफसत वर येईल, मग हळूहळू खाली बसेल आणि बुडबुडे लहान, दाट आणि आळशी होत जातील. दूध असल्यामुळे तळ करपू शकतो, म्हणून मधून मधून चमचा तळाशी लावून हलके फिरवावा, पण जोरात ढवळू नये. दहा ते पंधरा मिनिटांत पाक ११४ अंशांवर येतो. ११० नंतर काटा कधी रेंगाळतो आणि कधी झपाट्याने चढतो, त्यामुळे तेव्हा शेगडीपासून हलू नये.

थर्मामीटर नसेल तर आपली जुनी गोळीची परीक्षा तितकीच विश्वासार्ह आहे. आच क्षणभर बारीक करून पाकाचा एक थेंब थंड पाण्याच्या वाटीत सोडावा. तो पाण्यात पसरून ढगाळला तर पाक कच्चा आहे. तळाशी जाऊन बसला आणि पाण्यातच बोटांनी गोळा करता आला, पण पाण्याबाहेर काढून बोटावर ठेवताच आपल्याच वजनाने चपटा झाला, की पाक तयार आहे. गोळी बाहेर काढल्यावरही टणक राहिली तर पाक पुढे गेला आहे, अशा वेळी दोन चमचे दूध घालून आच परत पहिल्यासारखी करावी आणि पुन्हा परीक्षा घ्यावी. वाटीतले पाणी प्रत्येक वेळी बदलावे, कोमट पाण्यात गोळी फसवते.

पाक तयार होताच गॅस बंद करून पातेले शेगडीवरून उतरवावे आणि चार-पाच मिनिटे त्याला अजिबात हात लावू नये. हा विसावा बहुतेक जण टाळतात आणि तिथेच प्रालीन बिघडते. याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. या टप्प्याला नुसत्या साखर-पाण्याच्या पाकात सुमारे ८५ टक्के साखर असते. पाक निवू लागला की एवढी साखर पाण्यात राहू शकत नाही, ती रव्यांच्या रूपाने बाहेर पडायला बघते. कडक गरम असताना ढवळले तर थोडेच रवे तयार होतात आणि सावकाश मोठे होत जातात, म्हणून मिठाई खरखरीत लागते. थोडे निवल्यावर घोटले तर एकाच वेळी असंख्य बारीक रवे तयार होतात आणि जिभेला ते मऊ, मखमली लागतात. चिकीचा पाक याच्या कितीतरी पुढे, थेंब पाण्यात कडकन मोडेपर्यंत नेतात. तिथे रवा धरूच द्यायचा नसतो, इथे मात्र तो हवा असतो आणि बारीक हवा असतो.

पाक १०० ते १०५ अंशांपर्यंत उतरला, म्हणजे बुडबुडे पूर्ण शमले आणि पृष्ठभाग शांत, तेलकट चमकदार झाला, की व्हॅनिला आणि कोमट पेकन घालून घोटायला सुरुवात करावी. हात सारख्या गतीने, तळापासून वर असा फिरवावा. पहिला अर्धा मिनिट काहीच घडत नाही, मिश्रण मधासारखे पातळ आणि चकचकीत असते. मग चमच्याला थोडा जोर लागू लागतो. पातेल्याच्या कडेला, जिथे ते सर्वांत गार असते, तिथे पाकाची फिकट रेघ दिसते. चमचा फिरवल्यावर तळ क्षणभर उघडा दिसतो आणि सावकाश भरून येतो. चमचा आतापर्यंत आवाज न करता फिरत होता, तो आता तळाशी हलका खरखरतो. वरची चमक जाऊन मिश्रण धुरकट झाले, पण अजून चमच्यावरून ओघळते आहे, तोच क्षण साधायचा. साधारण एक ते तीन मिनिटांत तो येतो. घड्याळाकडे पाहू नये, मिश्रणाकडे पाहावे.

लगेच एका चमच्याने मिश्रण उचलून दुसऱ्याने बटर पेपरवर ढकलावे. पहिला ठिपका थोडा पसरून पुरीएवढा झाला आणि त्याच्या कडा गोल राहिल्या तर सगळे बरोबर आहे. तो पाण्यासारखा पसरला तर आणखी दहा-पंधरा सेकंद घोटावे. ढिगासारखा उभा राहिला तर मात्र भराभर सोडावे, कारण आता अर्ध्या मिनिटाचाही अवधी उरलेला नाही. शक्य असल्यास घरातल्या दुसऱ्या माणसाला शेजारी उभे करावे, एकाने पातेले हलते ठेवावे आणि दुसऱ्याने सोडावे. मध्येच मिश्रण आळले तर बाजूला ठेवलेल्या गरम पाण्याचा एक छोटा चमचा घालून, पातेले अगदी मंद आचेवर काही सेकंद धरून ढवळावे. ते पुन्हा ओतण्याजोगे होते.

अर्ध्या तासात प्रालीन कागदावरून आपोआप सुटून येतात. त्याआधी उचलून पाहू नये.

बिघडले तर

दोन तासांनीही प्रालीन बोटाला चिकटत असतील, तर पाक कमी शिजलेला आहे. त्या सगळ्या पेकनसकट पुन्हा पातेल्यात घालून, चार मोठे चमचे पाणी टाकून मंद आचेवर वितळवाव्यात, ११४ अंशांपर्यंत न्याव्यात आणि विसाव्यापासून पुढची कृती परत करावी. खडबडीत, वाळूसारखा रवा आला असेल तरी हाच उपाय लागू पडतो, फक्त साखर पूर्ण विरघळल्याची खात्री नव्याने करावी लागते. वर पांढुरके डाग दिसले तर तो दोष नजरेचा आहे, चवीचा नाही. कडेने बटर सुटून तेलकट झाले असेल तर आच फार मोठी होती. करपल्याचा वास आला तर मात्र तो घाणा वाचत नाही. त्यात दूध किंवा व्हॅनिला वाढवून तो वास झाकला जात नाही.

हवेचा विचार

ही कृती जिथून आली ते न्यू ऑर्लिन्स शहरही दमटच आहे आणि तिथल्या घरांतही प्रालीन कोरड्या दिवशी करावी असेच सांगितले जाते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांच्या वर असते. साखर हवेतले पाणी ओढून घेते आणि सकाळी छान कोरडी झालेली प्रालीन संध्याकाळपर्यंत पाझरू लागते. माझे मत स्पष्ट आहे : नवख्याने पहिला प्रयत्न डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात करावा. पावसाळ्यात करायचीच असेल तर पाक ११५-११६ अंशांवर न्यावा आणि सोडलेल्या प्रालीन वातानुकूलित खोलीत नेऊन बसू द्याव्यात. त्याच वेळी बाजूच्या शेगडीवर कुकर किंवा चहा ठेवू नये, कारण छोट्या स्वयंपाकघरात त्या वाफेनेही फरक पडतो. मे महिन्यात अडचण वेगळी असते. खोलीच ३३-३४ अंशांवर असल्याने पाक सावकाश निवतो, विसावा सात-आठ मिनिटांचा होतो आणि घोटण्यालाही जास्त वेळ लागतो. छताचा पंखा सगळ्या ऋतूंत बंदच ठेवावा. त्याने आच हलते आणि विसाव्याच्या वेळी पाकावर पापुद्रा धरतो.

साठवण

पूर्ण गार झालेल्या प्रालीन बटर पेपरच्या तुकड्यांनी एकमेकींपासून वेगळ्या करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण बाहेर काढताच त्यांच्यावर दव धरते आणि पृष्ठभाग चिकट होतो. कोरड्या दिवसांत त्या आठवडाभर चांगल्या राहतात, पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत संपवाव्यात. कुणाला देताना डब्यावर पेकन आणि दुधाचा उल्लेख असलेली चिठ्ठी लावावी. सुक्यामेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांना हे आधी कळणे गरजेचे आहे, आणि पेकन आपल्याकडे अनोळखी असल्याने तो नुसता पाहून ओळखता येत नाही. उरलेले कच्चे पेकन हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत. पुढच्या वेळी ते बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावेत आणि मगच तव्यावर टाकावेत, नाहीतर दाण्यांवर पाणी सुटते आणि ते भाजण्याऐवजी वाफवले जातात.